पेट्रोल वर चढेना

माझ्या थोरल्या भावाला गोळी लागली तेव्हा वहिनी माहेरी होती. पहिलं बाळंतपण, म्हणून दिवाळी झाल्यावर त्याने स्वतः तिला कोकणच्या बोटीत बसवून दिलं होतं. मुलगा झाल्याचं कळलं त्या दिवशी लालबागच्या आमच्या चाळीत त्याने दारोदार पेढे वाटले आणि संक्रांत झाली की पोराला बघून येतो, म्हणून मला रोज सांगायला लागला. रोज. शेवटी मी वैतागून म्हटलं, जा की एकदाचा, गाडी मी सांभाळतो.

संक्रांत झाली आणि मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार अशी बातमी आली. मग कसली बोट आणि कसलं काय. गिरण्यांतली माणसं रस्त्यावर उतरली, तोही उतरला, त्याच्या मागोमाग मीही. माझं डोकं लहानपणापासून तापट. चाळीत कुठेही भांडण झालं की आधी माझंच नाव निघायचं. भाऊ शांत. दगड उचलणाऱ्यांतला तो नव्हेच. पडलेल्या एका म्हाताऱ्याला उठवायला वाकला आणि गोळी त्याच्या पोटात शिरली. मी तिथून दहा पावलांवर होतो आणि मला काही लागलं नाही, ही गोष्ट मला अजून पटलेली नाही.

परळच्या इस्पितळात त्याचं पोट उघडून पुन्हा शिवलं. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, कुणाला बोलवायचं असेल तर आता बोलावून घ्या. मी त्यांच्यावरच चिडलो, वाट्टेल ते बोललो. ते ऐकून घेऊन पुढच्या खाटेकडे गेले. मग मी डोळे पुसले आणि वहिनीला तार केली.

भाऊ मधून मधून शुद्धीवर यायचा. दुखतंय, पाणी द्या, असलं काही नाही. एकच विचारायचा, बोट इली काय? आम्ही घरात मालवणीच बोलायचो. मी सांगायचो, येतेय, आज येईल. तो मान हलवायचा आणि डोळे मिटायचा. त्याला पोर बघायचं होतं. तेवढ्यासाठी तो थांबलाय, असं नर्ससुद्धा म्हणाली, आणि मला ते खरं वाटलं.

बोट भाऊच्या धक्क्याला लागणार होती आणि शहरात कर्फ्यू. बाळंतीण आणायचीय म्हणून इस्पितळातून चिठ्ठी घेऊन मी चौकीवर गेलो, हातापाया पडलो. माझ्यासारख्याने पोलिसांच्या पाया पडणं म्हणजे काय ते माझं मलाच माहीत. पास मिळाला, पण तो गाडीच्या नंबरावर आणि दिवेलागणीपर्यंतच. गाडीत बसलेल्यांना सोडतील. पायी दिसलात तर आमच्याकडे यायचं नाही, असं तिथल्या साहेबाने बजावलं.

गाडी म्हणजे आमची पिकअप. लढाईनंतर लिलावात निघालेली, पुढे केबिन, मागे उघडा हौदा. धक्क्यावरून गिरण्यांत आणि गिरण्यांतून गोदीत माल पोचवायचा, हा आमचा धंदा. चालवायचा तो. मी आधी लालबागच्या एका गॅरेजात कामाला होतो, त्यामुळे दुरुस्ती माझ्याकडे. गाडी थोरल्याची आणि इंजिन धाकट्याचं, असं चाळीतले लोक म्हणायचे. पेट्रोलचा काटा लिलावातच मेलेला होता, तो आम्ही कधी नीट केला नाही. त्या दिवसांत गाडी माझ्या हातात होती आणि जखमींना इस्पितळात पोचवून पोचवून बरंच पेट्रोल जळलं होतं. पंप सगळे बंद. मी अंदाज केला, धक्क्यावर जाऊन यायला पुरेल.

वहिनी बोटीतून उतरली ती कानाला शाल घट्ट बांधून. पोर छातीशी गुंडाळलेलं, एका हातात ट्रंक. चेहरा असा ओढलेला की मी क्षणभर ओळखलंच नाही.

"आसत?" तिने विचारलं.

"आसा. तुमचीच वाट बघता," मी म्हटलं.

ती केबिनमध्ये बसली आणि पोराच्या तोंडावरचा पदर नीट केला.

माझगावात चर्चच्या अलीकडे चढ लागतो तिथे इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी थांबली. मी सेल्फ मारला. गुरगुरली, पण धरेना. टाकीचं झाकण काढून कान लावला, गाडी हलवून बघितली. आत खळखळ नाही. बोंबला! एवढा शहाणा मेकॅनिक, आणि ऐन वेळी कोरड्या टाकीवर येऊन बसलोय. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. वहिनी पुढे बघत बसली होती, म्हणून नुसता बॉनेटवर हात आपटला.

रस्ता चिडीचूप. दुकानं बंद, खिडक्यांच्या फटीतून डोळे तेवढे दिसत होते. कोपऱ्यावरून एक हवालदार खांद्यावर बंदूक घेऊन आला. ती बंदूक बघून माझ्या मस्तकात तिडीक गेली. अशाच एका बंदुकीतून ती गोळी सुटली होती. मी पास पुढे केला आणि तोंड फिरवून उभा राहिलो. वहिनीनेच त्याला सांगितलं, नवरा इस्पितळात आहे, पोर त्याने अजून बघितलेलं नाही. कुणाच्या गोळीने, ते ती बोलली नाही. त्याने केबिनमध्ये डोकावून पोराकडे बघितलं आणि समोरच्या चाळीकडे वळून हाक दिली, कुणाकडे पेट्रोल आहे का?

वरच्या मजल्यावरून एक ख्रिस्ती म्हातारा उतरला. माझगावच्या गोदीत फिटर होता. त्याची जुनी फटफटी जिन्याखाली उभी होती. रबरी नळी टाकीत घालून त्याने तोंडाने ओढून पेट्रोल काढलं, थुंकला, पुन्हा ओढलं, आणि डबाभर आणून दिलं. ते मी टाकीत ओतलं. वहिनीला म्हटलं, चला, झालं.

कसलं झालं! सेल्फ मारतोय, मारतोय, इंजिन नुसतं फिरतंय. पेट घेईना.

पेट्रोल संपून बंद पडलेली गाडी पेट्रोल घातल्याबरोबर चालू होतेच असं नाही. नळीत हवा भरलेली असते, पंप कोरडा पडलेला असतो. हे मला पाठ होतं, त्यामुळे आधी घाबरलो नाही. गाडी चढावर आहे, थोडकं पेट्रोल टाकीच्या मागच्या बाजूला साचलं असेल आणि नळीच्या तोंडाशी पोचत नसेल, असं म्हणून म्हाताऱ्याने आणि मी गाडी खाली सपाटीला ढकलायला घेतली. हवालदार आपणहून मागून हात लावायला आला. मी त्याला नको म्हटलं नाही, आणि आभारही मानले नाहीत.

सपाटीलाही तेच. मग बॉनेट उघडलं. पंपाच्या वर एक काचेची वाटी असते, पेट्रोल तिच्यातून गाळून पुढे कार्ब्युरेटरला जातं. वाटी कोरडी ठणठणीत. पंपाच्या बाजूला हाताने दाबायची एक पट्टी असते, ती दाबत राहिलो. अंगठा दुखायला लागला तरी वाटीत थेंब येईना. तेव्हा डब्याच्या तळाशी उरलेलं पेट्रोल चमच्याने थेट कार्ब्युरेटरच्या तोंडात घातलं आणि सेल्फ मारला. इंजिन एकदम भडकून चालू झालं. वहिनीने माझ्याकडे बघितलं. तेवढं चमचाभर जळलं आणि पुन्हा बंद.

म्हणजे ठिणगी चांगली, इंजिन चांगलं. पेट्रोलच वर चढत नव्हतं. मग पंप की नळी? पंपाकडे येणारी नळी सोडवली, पंपाच्या तोंडावर बोट ठेवलं आणि पट्टी दाबली. बोट आत ओढलं गेलं. पंपही ठीक. राहिली नळी आणि टाकी. नळीला तोंड लावून फुंकर मारली, गाल फुगून दुखले, पण हवा पुढे जाईना.

बॅटरी आता रडायला लागली होती. ऊन उतरलं होतं. पोर रडायला लागलं, तशी वहिनी त्याला पदराखाली घेऊन पाठमोरी बसली. तिकडे तो विचारत असेल, बोट इली काय, आणि नर्स काय सांगत असेल? चिडून मी म्हाताऱ्यावरच ओरडलो, तुझ्या पेट्रोलात पाणी आहे. तो शांतपणे म्हणाला, मघाशी चमचाभर जळलं ते काय पाणी होतं? आणि वर जाऊन सायकलचा पंप घेऊन आला.

सायकलच्या पंपाने नळीत हवा मारली. आधी अडली, मग एकदम फस्स करून गेली आणि टाकीत बुडबुडे वाजले. नळी जोडली, पट्टी दाबली, वाटीत पेट्रोल चढलं. सेल्फने दम सोडला होता, म्हणून हँडल मारलं, गाडी सुरू झाली, मी बसलो. चर्चपर्यंत नीट गेली आणि पुन्हा आचके देऊन उभी राहिली. म्हातारा आणि हवालदार मागून चालत आले. वाटी कोरडी.

तेव्हा मात्र मला उमगलं. एकदा मोकळी झालेली नळी पुन्हा तुंबते, म्हणजे टाकीत काहीतरी आहे, आणि ते पेट्रोलाबरोबर येऊन नळीच्या तोंडावर बसतंय. नुसती हवा मारून भागणार नव्हतं. टाकीच्या बुडाला एक बूच असतं, ते उघडून सगळं बाहेर काढायला हवं होतं. पण पेट्रोल तेवढंच. सांडलं की खेळ खलास. म्हाताऱ्याने त्याच्या बायकोकडून पितळी पातेलं आणवलं. तोंडातली विडी तोवर त्याने विझवून खिशात टाकलीच होती, ते बघून मला आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या पाया पडावंसं वाटलं. पेट्रोल पातेल्यात काढायचं आणि गाळून परत घालायचं असं ठरलं. गाळायला फडकं हवं. माझा रुमाल ग्रीसने बरबटलेला.

वहिनी खाली उतरली. पोराला म्हाताऱ्याच्या बायकोकडे दिलं आणि त्याच्या अंगाखालचं दुपटं घेतलं. जुन्या धोतराचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. रिकाम्या डब्याच्या तोंडावर तिने ते दोन्ही हातांनी ताणून धरलं.

मी गाडीखाली सरपटत गेलो आणि बूच सोडलं. पेट्रोल पातेल्यात पडलं. शेवटी शेवटी थोडा गाळ, गंजाची चुरी, आणि तिच्याबरोबर काहीतरी बारीक पांढरट. मी पातेलं बाहेर आणून दुपट्यावर हळूहळू ओतलं. पेट्रोल खाली उतरलं. दुपट्यावर तांदूळ राहिले. काही आख्खे, काही तुटलेले, एखाद्यावर अजून लालसर झाक.

कोणीतरी खोडसाळपणा केला असेल, असं आधी मनात आलं आणि डोकं तापायला लागलं. तेवढ्यात वहिनीच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं.

"कचरा आहे," मी म्हटलं. "रस्त्यावरचा. उडून जातो कधी कधी."

"कचरो नाय, भावजी," ती म्हणाली. "माज्यो अक्षता. दसऱ्याक मीच घातलंय."

तिच्या माहेरी दसऱ्याला जात्याची पूजा करत. हळदकुंकू वाहायचं आणि शेवटी जात्याच्या तोंडात मूठभर दाणे घालायचे, कारण उपाशी जात्याची पूजा होत नाही. पोटुशी होती तेव्हा ती, सातवा महिना. आम्ही दोघं भाऊ गाडीला हार घालून चहा प्यायला वर गेलो होतो. तिने बॉनेटला कुंकू लावलं, चाकांना लावलं, आणि गाडी जिथून खाते ते तिचं तोंड, म्हणून टाकीचं झाकण काढून अक्षता आत सोडल्या. ह्यांना सुखरूप ठेव, असं म्हणून. इतके दिवस टाकीत पेट्रोल असायचं, दाणे तळाशी निवांत पडून होते. टाकी पार कोरडी झाली आणि ओल्या गाळाबरोबर ते नळीच्या तोंडाशी गेले.

हे सगळं तिने दुपटं ताणून धरल्या धरल्या सांगितलं. रडली नाही. डबा भरला तसं दुपट्याचं गाठोडं करून तिने कंबरेला खोचलं आणि पोर घेऊन गाडीत बसली. मी बूच लावलं, पेट्रोल घातलं, नळीत पुन्हा हवा मारली. हँडल मारायला हवालदार पुढे आला, तेव्हा मी त्याला मारू दिलं. इंजिन लागलं आणि चालू राहिलं.

चिंचपोकळीचा पूल, लालबाग, परळ. वाटेत दोनदा अडवलं, पास दाखवला. आमच्या चाळीच्या दारावरून गाडी गेली तेव्हा तिने वर बघितलंही नाही. मी रस्ताभर इंजिनाचा आवाज ऐकत होतो आणि देवाला शिव्या घालत होतो. दिवे लागत होते तेव्हा आम्ही इस्पितळात पोचलो. जिना चढताना मला वाटत होतं की वॉर्डाच्या दाराशीच कोणीतरी मला थांबवणार.

कोणी थांबवलं नाही. भाऊ जागा होता. रंग पार उतरला होता, पण डोळे उघडे. वहिनी खाटेशी गेली आणि तिने पोर त्याच्या कुशीत ठेवलं. त्याने मान वळवली आणि बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. मग हात हळूच उचलून पोराच्या डोक्यावर ठेवला आणि वहिनीचा हात नाकाशी ओढून हुंगला.

"पेट्रोलचो वास येता," तो म्हणाला. "गाडी बंद पडली?"

मी म्हटलं, संपलं होतं, माझा अंदाज चुकला. पण वहिनी कसली गप्प राहते. तिने सगळं सांगून टाकलं. माझ्यामुळे उशीर झाला, माझ्या अक्षता अडकल्या, हे ती तीनदा म्हणाली.

तो हसला. हसताना पोटाला कळ लागली, तरी हसला. "माका म्हायत होता गो," तो म्हणाला. "मी बघलंय तुका घालताना. जिन्यावरसून. म्हणान टाकी कधी सुकाक दिलंय नाय."

मी विचारलं, माहीत होतं तर मला का नाही सांगितलंस? टाकी तेव्हाच खोलून धुतली असती.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला बोलायला आता श्वास पुरत नव्हता.

"तू वरडलो असतस तिच्यार," तो म्हणाला.

तेव्हा वहिनी रडली. धक्क्यापासून इथपर्यंत एक थेंब काढला नव्हता, ती खाटेच्या लोखंडावर डोकं टेकून रडली. पोर झोपलं होतं. भाऊ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला, आणि फिरवता फिरवता त्याचाही डोळा लागला. पुन्हा तो शुद्धीवर आला नाही. पहाटे गेला.

मला त्याचा फार राग आला. पुढे महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, लालबागेत रोषणाई झाली, वहिनीने पोराला खांद्यावर घेऊन दाखवली, तेव्हाही मला त्याचा रागच येत होता. अजून येतो. वहिनीवर मी कधी चिडलो नाही, तिने काय केलं, पूजाच केली ना. पण ह्याने नुसतं मला सांगायचं होतं. मी ओरडलो असतो, हे खरं आहे. चाळ गोळा होईपर्यंत ओरडलो असतो. वहिनी रडली असती, तो दोन दिवस माझ्याशी बोलला नसता, मी टाकी उतरवून धुऊन बसवली असती, आणि त्या दुपारी पोराला बापाच्या कुशीत आणखी थोडा वेळ मिळाला असता.